वाचक विचारतात : समुद्र, सायकल आणि मिठाची पुडी

मागील अंकात गोव्याच्या ट्रायथलॉनविषयीचा माझा लेख प्रसिद्ध झाल्यानंतर आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे संपादकांनी निवडून माझ्याकडे पाठवली आहेत. तो लेख ज्यांच्या वाचनात आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पणजीच्या मीरामार किनाऱ्यावर १.९ किलोमीटर समुद्रात पोहायचे, मग ९० किलोमीटर सायकल चालवायची आणि लगेच २१.१ किलोमीटर धावायचे, अशी ही 'आयर्नमॅन' म्हणजे 'लोहपुरुष' नावाच्या शर्यतीच्या निम्म्या अंतराची शर्यत आहे. पोहणे १ तास १० मिनिटांत, सायकलीपर्यंतचा भाग साडेपाच तासांत आणि सगळे मिळून साडेआठ तासांत पूर्ण करावे लागते. २०२२ साली मी सायकलीच्या मुदतीला अकरा मिनिटे उशिरा पोहोचले आणि बाद झाले. २०२३ साली ८ तास ८ मिनिटांत शर्यत पूर्ण केली. मी सांगलीत एका बँकेत नोकरी करते, वय सत्तेचाळीस आहे, आणि मी डॉक्टरही नाही व प्रशिक्षकही नाही. त्यामुळे पुढील उत्तरांकडे एका हौशी बाईचा अनुभव म्हणूनच पाहावे.

प्रश्न : मी बार्शीजवळच्या गावात शिक्षक आहे, वय ५१. लहानपणी विहिरीत पोहायला शिकलो आणि आजही बेडकासारखेच हातपाय मारतो. समुद्रात कधी उतरलेलो नाही. क्रॉल (पालथे राहून आळीपाळीने हात फिरवत पोहणे) येत नसताना या शर्यतीत भाग घेता येईल का? आणि समुद्राची भीती कशी घालवावी?

उत्तर : सर, नियमाने तुम्हाला कोणीही अडवणार नाही. या शर्यतीत कोणत्याही पद्धतीने पोहता येते. दम लागला तर मार्गावरच्या बोयाला (मार्ग दाखवणाऱ्या तरंगत्या खुणेला) किंवा जीवरक्षकाच्या होडीला धरून थांबताही येते, फक्त तिच्या आधाराने पुढे सरकायचे नाही एवढीच अट असते. मी स्वतः कृष्णेच्या पात्रात पाठीला पत्र्याचा डबा बांधून पोहायला शिकले, आणि वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षापर्यंत मलाही बेडूकपोहणीच येत होती.

खरी अडचण घड्याळाची आहे. विहिरीत पोहणाऱ्याला आपला वेग ठाऊक नसतो, कारण तिथे अंतर मोजण्याची सोयच नसते. १ तास १० मिनिटांत १.९ किलोमीटर म्हणजे दर शंभर मीटरला ३ मिनिटे ४१ सेकंद. सोलापूरला किंवा जिथे जमेल तिथे मोजक्या लांबीच्या तलावात जाऊन न थांबता एक हजार मीटर पोहून पाहा. शंभर मीटरला सव्वातीन मिनिटांच्या आसपास वेळ येत असेल तर समुद्रासाठी थोडी शिल्लक हाती राहते. चार मिनिटे लागत असतील तर क्रॉल शिकण्यावाचून गत्यंतर नाही. बेडूकपोहणीचा दुसरा तोटा असा की, तिचा सारा भार पायांवर पडतो आणि त्याच पायांनी पुढे सहा-सात तास काम करायचे असते. क्रॉलमध्ये हात राबतात आणि पाय सायकलीसाठी शिल्लक राहतात. मला तो नीट यायला चौदा महिने लागले. त्यातले पहिले चार महिने नाकातोंडात पाणी जाण्यातच गेले, हेही कबूल करते.

भीतीविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण भीती घालवण्याच्या भाषेवर माझा विश्वास नाही. समुद्राची भीती रास्त आहे. ट्रायथलॉनमध्ये झालेल्या मृत्यूंपैकी बहुतांश मृत्यू पोहण्याच्या टप्प्यात झालेले आहेत, आणि त्यात मध्यमवयीन पुरुषांची संख्या लक्षणीय आहे. म्हणून चाळिशीपुढच्या माणसाने हृदयतज्ज्ञाकडे जाऊन ट्रेडमिलवरच्या तपासणीसह पूर्ण तपासणी करून घेतल्याशिवाय नाव नोंदवू नये, असे माझे ठाम मत आहे. त्यानंतर जी भीती उरते ती सवयीने कमी होते. शर्यतीआधी तीन महिने मी रत्नागिरीच्या भाट्ये किनाऱ्यावर स्थानिक पोहणाऱ्यांच्या सोबतीने दोनदा समुद्रात उतरले. पहिल्या दिवशी दोनशे मीटरही झाले नाहीत. तलावात तळाची निळी रेघ दिसते, समुद्रात स्वतःची बोटेसुद्धा दिसत नाहीत, आणि लाट उचलून खाली सोडते तेव्हा श्वासाचा ताल चुकतो. तिथे शिकलेली एक गोष्ट मला दोन्ही वर्षी उपयोगी पडली. छातीत धडधड वाढली की पाठीवर उलटे व्हायचे, आकाशाकडे पाहत वीस श्वास मोजायचे आणि मगच पुढे निघायचे. त्यात फार तर एक मिनिट जाते.

आणखी एक सूचना. समुद्रात सरळ रेघेत पोहता येईल असे गृहीत धरू नका. दर सहा-आठ हातांनंतर डोके किंचित वर काढून पुढचा बोया पाहावा लागतो. २०२२ साली मी हे आळसाने टाळले, तर बाहेर आल्यावर घड्याळात २.२ किलोमीटर दिसले, म्हणजे तीनशे मीटर मी हौसेने जास्त पोहले होते. जेलीफिशचा चटका बसू शकतो. मला मनगटाला एकदा बसला आणि तासाभर चुरचुरले. पाणी उबदार असल्यामुळे गोव्यात अंगभर रबरी पोशाख वापरण्याचा प्रश्न येत नाही, तेव्हा त्यावर पैसे खर्च करू नका.

प्रश्न : मी नाशिकची आहे. नोकरी, दोन मुले आणि घरी सासूबाई आहेत. आपण लेखात सराव 'आठवड्याला आठ ते अकरा तास' असे एका ओळीत लिहून पुढे गेलात. हे तास आपण कुठून आणलेत, ते कृपया सांगावे.

उत्तर : तुमच्या पत्रातला उपरोध मला कळला आणि तो रास्त आहे. ते तास मी एकटीने आणलेले नाहीत. चोवीस आठवडे सकाळचा डबा माझ्या नवऱ्याने केला, माझी मुलगी तेव्हा बारावीला होती आणि तिच्या अभ्यासाकडे माझे जेवढे लक्ष असायला हवे होते तेवढे नव्हते, आणि घरातल्या सणांच्या तयारीतून मी त्या वर्षी जवळजवळ अंग काढून घेतले होते. लेखात हे लिहायला हवे होते. 'घरच्यांचा पाठिंबा' या दोन शब्दांत जे झाकले जाते ते खरे तर दुसऱ्या कोणीतरी उपसलेले काम असते.

माझा आठवडा असा असे. मंगळवारी आणि गुरुवारी पहाटे साडेपाच ते साडेसहा तलाव. बुधवारी आणि शुक्रवारी हरिपूरच्या रस्त्यावर धावणे, प्रत्येकी तासभर. शनिवारी पहाटे पाचला मिरजेहून पंढरपूरच्या रस्त्याने दंडोबाच्या डोंगराकडे सायकल, अडीचपासून पुढे वाढत चार तासांपर्यंत. रविवारी लांब धावणे. सोमवारी काहीही नाही, आणि हा सोमवार मी कधीही भरून काढला नाही. बेरीज केलीत तर शनिवारचा मोठा तुकडा वगळता बाकीचे सगळे तासा-दोन तासांचेच आहे. तुम्हाला वेळ काढायचाच असेल तर आधी तो शनिवार घरात मागून घ्या, तारखांसह, कॅलेंडरवर लिहून. बाकीचे तास पहाटे चोरता येतात.

शेवटच्या दहा आठवड्यांत दर शनिवारी सायकलीवरून उतरल्याबरोबर वीस मिनिटे धावत असे. याला सगळे 'ब्रिक' म्हणतात. सायकल सोडून पहिली पावले टाकताना मांड्या दुसऱ्या कोणाच्या तरी असाव्यात असे वाटते, आणि शर्यतीच्या दिवशी त्यांची ओळख पहिल्यांदा होऊ नये एवढाच त्याचा हेतू आहे. मुले लहान असतील तर यंदाच नाव नोंदवा असा आग्रह मी करणार नाही. या खेळात पन्नाशीच्या आणि साठीच्या गटातही स्पर्धक असतात.

सायकलीविषयी तुम्ही विचारलेले नाही, पण बहुतेकांना तीच भीती असते म्हणून सांगते. मी कोल्हापुरातून अठ्ठेचाळीस हजारांना वापरलेली रोड सायकल घेतली आणि त्याच सायकलीवर दोन्ही वर्षे भाग घेतला. लाखांच्या सायकली शेजारून गेल्या, त्यांतल्या काही पुढे चढावर मला पुन्हा भेटल्या.

प्रश्न : सातारा हिल मॅरेथॉन मी तीनदा धावलो आहे. दर वेळी पंधरा किलोमीटरनंतर पोटऱ्यांत गोळे येतात आणि पोटात मळमळते. ट्रायथलॉन तर तिप्पट वेळेची. आपण शर्यतीत नेमके काय खाल्लेत व प्यायलात? दुकानात मिळणारी जेल (साखरेच्या घट्ट पाकाची छोटी पाकिटे) घ्यावी का?

उत्तर : या प्रश्नाचे उत्तर सर्वांत लांब होणार आहे, कारण २०२२ साली मी शर्यत पोटामुळे गमावली आणि २०२३ साली पोटामुळेच पूर्ण केली. मधल्या वर्षात माझे पाय फारसे बदलले नव्हते.

आधी झालेली चूक. शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी मी एका दुकानातून कधीही न चाखलेली कॅफिनची जेल पाकिटे घेतली आणि सायकलीवर दर अर्ध्या तासाला एक, असा नेम धरला. पहिले तीस किलोमीटर ताशी अठ्ठावीसच्या वेगाने काढले, जो माझा वेग नव्हताच. ऊन चढले तशी साध्या पाण्याच्या बाटल्यांवर बाटल्या रिकाम्या केल्या. अठ्ठावन्नाव्या किलोमीटरला ओकारी झाली. मी पंचवीस मिनिटे रस्त्याच्या कडेला बसून होते, आणि नंतर उरलेले अंतर पायांत गोळे घेऊन रेटले. तोवर मुदत उलटून गेली होती.

असे का होते ते समजून घेतले तर उपाय आपोआप सुचतात. जोरकस श्रमात रक्त स्नायूंकडे वळते, उष्णतेत ते त्वचेकडेही वळते, कारण अंग थंड ठेवायचे असते. पोटाच्या वाट्याला कमी येते. अशा पोटात घट्ट साखर ओतली की ती पुढे सरकत नाही, तशीच पडून राहते आणि ढवळते. वेग जितका जास्त तितके पोट कमी काम करते. म्हणजे मळमळीचे मूळ पुष्कळदा जेलमध्ये नसून पहिल्या तासाच्या उतावीळपणात असते. साताऱ्याला यवतेश्वरचा चढ तुम्ही सुरुवातीलाच कोणत्या वेगाने चढता, हे एकदा तपासून पाहा.

दुसरी बाब घामाची. मे महिन्यात एका सकाळी धावण्यापूर्वी वजन केले, ते ६२.४ किलो होते. तासाभराने अंग पुसून पुन्हा केले, ६१.६ भरले. मध्ये ४०० मिलिलिटर पाणी प्यायले होते. म्हणजे तासाला सव्वा लिटरच्या जवळपास घाम गेला. हा हिशेब प्रत्येकाचा वेगळा येतो, आणि घरच्या वजनकाट्यावर तो कोणालाही करता येतो. गेलेले सगळेच पाणी तासातासाला भरून काढायची गरज नसते. मी सायकलीवर तासाला पाऊण लिटरच्या आसपास प्यायले. मात्र घामाबरोबर मीठही जाते, आणि ते न देता नुसते साधे पाणी रिचवत राहिले तर रक्तातले सोडियम पातळ होऊन माणूस गोंधळतो, ओकतो, प्रसंगी बेशुद्धही पडतो. पाणी कमी पिण्याचे धोके सर्वांना माहीत असतात. हा उलटा धोका फारसा कोणी सांगत नाही.

मी वापरलेले प्रमाण असे होते : दर तासाला पाव चमचा मीठ, म्हणजे सुमारे दीड ग्रॅम, ज्यात ६०० मिलिग्रॅमच्या जवळ सोडियम असते. ते अर्धे बाटलीत लिंबू-साखरेबरोबर आणि अर्धे कागदाच्या पुडीत, उकडलेल्या बटाट्याला लावायला. रक्तदाबाची गोळी चालू असलेल्यांनी हा प्रयोग डॉक्टरांना विचारल्याखेरीज करू नये. गोळे केवळ मिठाच्या अभावी येतात असेही नाही, सवयीपेक्षा जास्त वेगाने थकलेला स्नायूही आखडतो. तेव्हा पुडी खिशात असली म्हणून वेग वाढवण्याची मुभा मिळत नाही.

आता खाणे. माझे लक्ष्य तासाला ५० ग्रॅम कर्बोदकांचे होते. कसलेले खेळाडू साठपासून नव्वदपर्यंत घेतात, पण त्यांनी पोटालाही तशी सवय लावलेली असते. मध्यम केळ्यात सुमारे २५ ग्रॅम असतात, शंभर ग्रॅम उकडलेल्या बटाट्यात अठरा-वीस, उरलेले लिंबू-साखरेच्या पाण्यातून. राजगिऱ्याच्या लाडवावर माझी फार भिस्त होती, पण कोरड्या तोंडात त्याचा भुगा होतो आणि ठसका लागतो. चिक्की दाताला चिकटली आणि ती सोडवण्याच्या नादात एकदा मी खड्ड्यात गेले. बिया काढलेले खजूर मात्र उत्तम. हे सगळे दंडोबाच्या रस्त्यावर शनिवारी-शनिवारी खाऊन पाहिले आणि जे दोन वेळा पचले तेवढेच शर्यतीला नेले. घड्याळात दर वीस मिनिटांनी गजर लावला होता. गजर झाला की भूक असो वा नसो, दोन घास आणि दोन घोट. भूक लागण्याची वाट पाहिली तर उशीर झालेला असतो.

धावताना घन पदार्थ नकोसे वाटतात. तेव्हा पाण्याच्या टेबलांवर मिळणारा कोला, गॅस निघून गेलेला, दर टेबलाला दोन घोट, यावर मी एकवीस किलोमीटर काढले. एरवी मी कोला घरात येऊ देत नाही. जेल वाईट नाहीत, पुष्कळांना चालतात. सरावात दहा वेळा घेऊन पोट शांत राहिले तर खुशाल घ्या, आणि त्याबरोबर पाणी घ्या.

परिणाम आकड्यांत : २०२३ साली सायकल ३ तास ५६ मिनिटांत झाली, सरासरी ताशी तेवीसपेक्षाही किंचित कमी. २०२२ च्या पहिल्या तासात मी या वेगाला हसले असते.

प्रश्न : अर्ध्या अंतराच्या या शर्यतीला 'लोहपुरुष' म्हणणे योग्य आहे का? मूळ शर्यत कोणती? (परभणी)

उत्तर : मूळ शर्यत १८ फेब्रुवारी १९७८ रोजी हवाईच्या ओआहू बेटावर झाली. पोहणारा, सायकलपटू आणि धावपटू यांच्यात अधिक तंदुरुस्त कोण, या वादातून अमेरिकी नौदलातले जॉन कॉलिन्स आणि त्यांच्या पत्नी ज्युडी यांनी बेटावरच्या तीन वेगवेगळ्या शर्यती एकत्र जोडल्या. सुमारे ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि ४२.२ किलोमीटर धावणे. पंधरा जण निघाले, बारा जणांनी पूर्ण केली. गॉर्डन हॅलर ११ तास ४६ मिनिटे ५८ सेकंदांत पहिला आला. दुसऱ्या आलेल्या जॉन डनबार याच्या मदतनिसांकडचे पाणी संपले तेव्हा त्यांनी त्याला बिअर पाजली, असे सांगतात. साताऱ्याच्या वाचकांनी हा उपाय करू नये.

पुढच्याच वर्षी लिन लेमेअर या स्त्रीने ती शर्यत पूर्ण केली, त्यामुळे 'लोहपुरुष' हा शब्द १९७९ पासूनच अपुरा आहे. आपल्याकडे मिलिंद सोमण यांनी २०१५ साली झुरिक येथे पूर्ण अंतर पार केल्यावर वर्तमानपत्रांतून तो रूढ झाला. गोव्याची शर्यत ११३ किलोमीटरची, म्हणजे बरोबर निम्मी. ती करणाऱ्याने स्वतःला पूर्ण लोखंडाचा म्हणवून घेऊ नये, असे मलाही वाटते. आमच्या शाखेत पेढे वाटताना मी तसे सांगितले होते, पण फलकावर लिहायचे ते त्यांनी लिहिलेच.

प्रश्न : शर्यतीत माझी पत्नी उतरणार आहे, मी नाही. मला धड पोहताही येत नाही. त्या दिवशी मी काय करावे? आमचे मित्र म्हणतात, तिच्याबरोबर सायकलीवरून थोडे अंतर जा, पाणी दे, धीर दे. (कोल्हापूर)

उत्तर : मित्रांचे अजिबात ऐकू नका. बाहेरच्या माणसाकडून पाणी, खाणे किंवा सोबत घेणे नियमाविरुद्ध आहे आणि त्यामुळे त्यांना बाद केले जाऊ शकते. सायकलीवर तर दुसऱ्या स्पर्धकाच्या मागे बारा मीटरांपेक्षा जवळ राहून वाऱ्याचा आडोसा घेतला तरी पाच मिनिटांचा दंड होतो. हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय स्टँडवरच्या सायकलीला हात लावणेसुद्धा चुकीचे. पंच कडक असतात आणि तसे ते असावेत.

तुमचे खरे काम आदल्या दिवशी सुरू होते. सायकल आणि पिशव्या जमा करण्याच्या रांगेत दोन तास उन्हात जातात. त्या वेळी छत्री धरा आणि पत्नीला सावलीत बसवा. रात्री नवीन हॉटेलात मासळी खाण्याचा मोह दोघांनीही आवरा. पहाटे त्यांच्याशी कमी बोला. 'वेळ काय येईल?' हा प्रश्न विचारूच नका.

शर्यत सुरू झाल्यावर त्या कुठवर आल्या हे दाखवणारा ठिपका फोनवर सरकताना दिसेल. तो मध्येच थांबेल, कधी पंधरा मिनिटे हलणार नाही. बहुतेक वेळा ती यंत्रणेची दिरंगाई असते. माझे यजमान पहिल्या वर्षी तो ठिपका पाहून तीन वेळा स्वयंसेवकांकडे धावले. तिसऱ्या वेळी मात्र मी खरोखरच रस्त्याच्या कडेला बसलेली होते, तेव्हा ही काळजी अगदीच निराधार होती असेही म्हणवत नाही. धावण्याच्या फेऱ्यांमध्ये त्याच रस्त्याने त्या पुन्हा पुन्हा येतात, म्हणून एकच जागा पकडा आणि ती आधी सांगून ठेवा. शेवटच्या फेरीत 'आता थोडेच राहिले' असे ओरडू नका. किती राहिले ते त्यांना मीटरपर्यंत ठाऊक असते. नुसते नाव घेऊन हाक मारा.

बाद होण्याची शक्यताही धरून चला. २०२२ साली मी मुदतीनंतर पोहोचले तेव्हा पायातली वेळ नोंदवणारी चिप काढून घेतली गेली, आणि आडव्या दोरीपलीकडे यजमान उभे होते. त्यांनी 'पुढच्या वर्षी बघू' असे म्हटले असते तर मी रडले असते. ते म्हणाले, "काही खाल्लंस का?" आणि माझ्या तोंडून 'नाही' हा शब्द निघाला तेव्हाच मला त्या दिवशी काय चुकले ते कळले.

सोबत न्यायच्या वस्तू : सुका टॉवेल, दहीभाताचा डबा, लिंबाचे लोणचे आणि नेहमीपेक्षा दोन अंकांनी मोठ्या चपला, कारण पाय सुजतात आणि बोटांना फोड आलेले असतात. हॉटेलची खोली मात्र आजच फोन करून तळमजल्यावरची मागून घ्या. आमची दुसऱ्या मजल्यावर होती आणि लिफ्ट नव्हती.